जर्मनीचा नोकरीचा व्हिसा: ब्लू कार्ड, चान्सेनकार्टे आणि आपल्या नावांचा घोळ

महिन्यातून दोनतीन फोन येतातच. कधी जुन्या कंपनीतला कोणी, कधी आईच्या भिशीतल्या मावशींचा मुलगा, "दादा, जर्मनीचं काही होईल का?" आणि लगेच पुढचं वाक्य असतं की एजंटने इतके इतके लाख सांगितलेत. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल. मी स्वतः मेकॅनिकलवाला, चाकणला सहा वर्षं काढली आणि मग ब्लू कार्डवर (डिग्रीवाल्यांचा चांगल्या पगाराच्या नोकरीवरचा परवाना) इकडे आलो, त्यामुळे नोकरीच्या रस्त्याबद्दल जास्त लिहिणार आणि शिक्षणाबद्दल कमी.

पहिलं माझं मत सांगतो, पटलं तर पुढे वाचा. भारतात बसून नोकरी मिळवा, ऑफर लेटर हातात घ्या आणि मग ब्लू कार्डचा व्हिसा काढून या. चान्सेनकार्टे, म्हणजे तो "नोकरी शोधायला या" वाला व्हिसा, हा दुसरा पर्याय. सध्या रील्समध्ये नेमकं उलटं चाललंय, चान्सेनकार्टे काढा बॅग भरा निघा. आणि टुरिस्ट व्हिसावर येऊन इथे नोकरी शोधून तो बदलून घेऊ असं कोणी सांगत असेल तर फोन ठेवून द्या, भारतीय पासपोर्टवर ते होत नाही, परत जाऊन नव्याने व्हिसा काढावा लागतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मन सरकारने जाहीर केलं की भारतीय कुशल कामगारांना वर्षाला २०,००० ऐवजी ९०,००० पर्यंत व्हिसे देऊ. त्यावरून बरेच लोक समजले की ९०,००० जागा निघाल्यात, रेल्वे भरतीसारख्या. तसं काही नाही. व्हिसा तुमच्या नोकरीवर आणि डिग्रीवर मिळतो, जागा भरायच्यात म्हणून नाही.

तर डिग्रीपासून सुरुवात. अनाबिन नावाचा एक सरकारी डेटाबेस आहे, फुकट आहे, वेबसाइट जर्मनमध्ये आहे पण ब्राउझरचं भाषांतर चालू केलं की काम भागतं. त्यात दोन गोष्टी बघायच्या. एक, तुमच्या विद्यापीठाला एच प्लस दर्जा आहे का. दोन, तुमची नेमकी डिग्री तिथे आहे का आणि तिच्यापुढे समकक्ष असा शेरा आहे का. इथे आपली पोरं हमखास एक चूक करतात, कॉलेजचं नाव शोधतात, सापडत नाही आणि घाबरतात. डिग्री कॉलेज देत नाही, विद्यापीठ देतं, त्यामुळे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ किंवा मुंबई विद्यापीठ किंवा शिवाजी विद्यापीठ असं शोधा, जे सर्टिफिकेटवर छापलंय तेच. दोन्ही पानांची प्रिंट काढून ठेवा, व्हिसाच्या फाइलला ती लागते.

डिग्री तिथे नसेल, किंवा शेरा अर्धवट असेल (तीन वर्षांच्या डिग्रीवाल्यांनी हे जरा बारकाईने बघा) तर झेडएबी नावाच्या ऑफिसकडून डिग्रीचं तुलनापत्र मागवायचं. अर्ज ऑनलाइन, फी २०८ युरो. वेळ जातो, म्हणून नोकरी शोधायला सुरुवात करायच्या आधीच टाकून द्या, कंपनी हो म्हणाली आणि तुम्ही तुलनापत्राची वाट बघत बसलात असं नको व्हायला.

आणि आता कबुली. २०२१ मध्ये मी एका एजंटला ३५ हजार दिले होते, "प्रोफाइल इव्हॅल्युएशन" म्हणून. दीड महिन्याने स्पायरल बाइंडिंग केलेली फाइल आली, त्यात माझाच सीव्ही आणि त्याच अनाबिनच्या दोन प्रिंटा. बायको अजून त्या फाइलवर भाजी निवडते.

आता ब्लू कार्ड. मान्य डिग्री पाहिजे, डिग्रीला शोभेल अशी नोकरी पाहिजे, कॉन्ट्रॅक्ट किमान सहा महिन्यांचं पाहिजे आणि पगार ठरलेल्या आकड्याच्या वर पाहिजे. हा आकडा दर जानेवारीत बदलतो. २०२६ साठी वर्षाला ५०,७०० युरो ग्रॉस. इंजिनिअर, आयटी, डॉक्टर अशा टंचाईच्या कामांना आणि डिग्री घेऊन तीन वर्षंही झाली नाहीत अशा फ्रेशर लोकांना सूट आहे, त्यांना ४५,९३४.२० युरो पुरतात. कंपनी ऑफर देताना सहसा गोल आकडा देते, ४५ हजार वगैरे, आणि मग तेवढ्या ९३४ युरोसाठी व्हिसा अडकतो, तेव्हा ऑफर आली की हा आकडा त्यांना मेलमध्ये लिहून कळवा. लाजायचं काही नाही, इथल्या एचआरला हे रोजचंच आहे. ब्लू कार्डऐवजी साधा कुशल कामगाराचा व्हिसा काढत असाल, वय ४५ च्या पुढे असेल आणि पहिल्यांदाच येत असाल तर नियम थोडा कडक आहे, पगार ५५,७७० च्या वर पाहिजे किंवा म्हातारपणाची पुरेशी सोय दाखवायला पाहिजे.

आयटीवाल्यांसाठी एक खिडकी वेगळी उघडी आहे. डिग्री नसली तरी गेल्या सात वर्षांत तीन वर्षांचा अनुभव असेल, डिग्रीच्या तोडीचा, तर कमी आकड्याच्या पगारावर ब्लू कार्ड मिळू शकतं. नर्स, डॉक्टर, शिक्षक यांचं मात्र निराळं, तिथे आधी परवाना आणि मग काम, भाषा पण वरच्या लेव्हलची लागते, त्यामुळे "नर्सिंग केलंय, तीन महिन्यांत पाठवतो" असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

पगाराचा आकडा ऐकून घरी रुपयात गुणाकार सुरू होतो, माझ्या सासऱ्यांनी तर साखरपुड्याच्या आधीच केला होता. म्हणून हातात किती येतात ते सांगतो. ५०,७०० म्हणजे महिन्याला ४,२२५ ग्रॉस, त्यातून टॅक्स, पेन्शन, आरोग्य विमा, बेकारी विमा सगळं कापून एकट्या माणसाच्या हातात साधारण २,७०० च्या आसपास येतात. म्युनिक-स्टुटगार्टला त्यातला मोठा घास भाडंच खातं. भाड्याचे पण दोन आकडे असतात, थंड आणि गरम, थंड म्हणजे नुसतं घर आणि गरम म्हणजे हीटिंग-पाणी धरून, तुम्ही विचारताना गरमच विचारा.

नोकरी शोधायची कुठे, तर सरकारी "मेक इट इन जर्मनी" पोर्टल आहे, एम्प्लॉयमेंट एजन्सीचं जॉब पोर्टल आहे, लिंक्डइन, स्टेपस्टोन आहेच. मी १४० च्या वर अर्ज टाकले, इंटरव्ह्यू आले अकरा, ऑफर एक. हे निराश करायला सांगत नाहीये, पण पंधरा अर्ज टाकून "जर्मनीत काही नाही राव" म्हणणारे पाहिलेत म्हणून सांगतोय. आपला तीन पानी सीव्ही इथे चालत नाही, दोन पानं, तारखा महिन्यासकट, मध्ये गॅप असेल तर काय करत होता ते एका ओळीत.

आणि भाषा. बर्लिनच्या आयटी कंपनीत इंग्रजीवर भागेल, पण मेकॅनिकल, ऑटोमोटिव्ह, प्लँटवर काम असेल तर बी१ (जर्मनची तिसरी पातळी, क्रम ए१, ए२, बी१, बी२, सी१ असा) शिवाय सीव्ही उघडूनसुद्धा बघत नाहीत. ब्लू कार्डच्या कागदावर भाषेची अट नाही हे खरंय, पण अट व्हिसाची नाही, अट शॉप फ्लोअरची आहे, मशिनवरचा माणूस तुमच्याशी श्वाबियन बोली बोलणार आणि तुम्ही हसत उभे राहणार. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, पुण्यात तर गल्लीगल्लीत जर्मनचे क्लास आहेत, नोकरी सांभाळून ए१ ते बी१ ला वर्षभर तरी धरा. परीक्षेच्या तारखा लवकर भरतात, शिकत असतानाच बुकिंगवर डोळा ठेवा. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्याशी १०,००० कुशल माणसं पाठवायचा करार केलाय, त्यात आयटीआय-टाइप बरीच कामं आहेत. तुमचा ट्रेड त्यात असेल तर जिल्ह्याच्या शिक्षण खात्याकडे जरूर विचारा, फक्त त्याच्या भरवशावर हातातली नोकरी सोडून बसू नका.

ऑफर आली की कंपनीकडून दोन कागद मागून घ्या. सही केलेलं कॉन्ट्रॅक्ट, आणि "नोकरीबद्दलची घोषणा" असा एक सरकारी फॉर्म जो कंपनीनेच भरायचा असतो, त्यात कामाचं स्वरूप, तास, पगार येतो. हा फॉर्म बऱ्याच छोट्या कंपन्यांना माहीतच नसतो. कंपनीला घाई असेल तर त्यांना फास्ट ट्रॅक प्रक्रिया सुचवा, ती जर्मनीतल्या फॉरेनर्स ऑफिसमधून कंपनीनेच सुरू करायची असते, फी ४११ युरो, आधी मंजुरी तिकडून येते आणि मग व्हिसा बराच लवकर सुटतो.

आता चान्सेनकार्टे. १ जून २०२४ पासून सुरू झालं, एका वर्षासाठी मिळतं, त्यावर आठवड्याला २० तास पार्टटाइम करता येतं, शिवाय एखाद्या कंपनीत दोन आठवडे ट्रायलवर काम करता येतं. सगळे पॉइंट्स मोजत बसतात, पण गंमत अशी की तुमची डिग्री अनाबिनवर पूर्ण समकक्ष असेल तर पॉइंट्स मोजायचीच गरज नाही, तुम्ही थेट कुशल कामगार धरले जाता. पॉइंट्स ज्यांची डिग्री अर्धवट मान्य आहे किंवा ज्यांचा डिप्लोमा-ट्रेड आहे त्यांच्यासाठी. त्यांना पायाभूत अट म्हणजे आपल्या देशात सरकारमान्य असलेलं किमान दोन वर्षांचं शिक्षण, आणि जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२. ट्रेडचं शिक्षण असेल तर ते मान्यताप्राप्त आहे असं डिजिटल पत्र पुन्हा झेडएबीकडूनच आणायचं. त्यावर सहा पॉइंट्स.

माझ्या मावसभावाचंच उदाहरण घ्या. डिप्लोमा, वय ३३, सहा वर्षं सीएनसीवर. ३५ च्या आतलं वय म्हणून दोन, गेल्या सात वर्षांत पाच वर्षांचा त्याच कामाचा अनुभव म्हणून तीन, जर्मन ए२ म्हणून एक, झाले सहा. बी१ केलं असतं तर भाषेचे दोन, बी२ ला तीन. बायको किंवा नवरा पण पात्र असून बरोबर अर्ज करत असेल तर आणखी एक, टंचाईच्या कामाला एक, इंग्रजी सी१ ला एक. अनुभव मात्र शिक्षण संपल्यानंतरचाच धरतात, आणि लेटरवर नुसतं "ही वर्क्ड विथ अस" असून चालत नाही, तारखा, हुद्दा, काय काम केलं सगळं पाहिजे. छोट्या वर्कशॉपचे मालक असं लेटर द्यायला टाळतात, तेव्हा नोकरी सोडायच्या आधीच गोडीत मागून घ्या. पीएफची नोंद आणि पगाराच्या स्लिपा जोडल्या तर बरं पडतं.

खरा चटका पैशाचा. वर्षभराचा खर्च तुमच्याकडे आहे हे दाखवावं लागतं, महिन्याला १,०९१ युरो या हिशेबाने वर्षाचे १३,०९२, आणि ते ब्लॉक्ड अकाउंटमध्ये भरायचे, तिथून दर महिन्याला ठरलेली रक्कम सुटते. युरो शंभर रुपये धरला तरी तेरा लाखांच्या वर गेलं. त्यात एक गोष्ट कोणी सांगत नाही. बाहेर पैसे पाठवताना आर्थिक वर्षात १० लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ टॅक्स, कापते, हे शिक्षणासाठी पाठवलेले पैसे नाहीत त्यामुळे शिक्षणाचा कमी दर लागत नाही. म्हणजे वरच्या तीन-साडेतीन लाखांवर साठ-सत्तर हजार आत्ता जातील. बुडत नाहीत, रिटर्न भरताना परत मिळतात किंवा टॅक्समध्ये वळते होतात, पण ऐनवेळी उभे करावे लागतात. मार्चमध्ये थोडे आणि एप्रिलमध्ये थोडे पाठवले तर दोन आर्थिक वर्षांत विभागले जातात, हे मला एका सीएच्या मुलाने सांगितलं, डोकेबाज आहे.

आणि वर्ष फार लवकर संपतं हो. पहिला महिना घर शोधण्यात, एक महिना ख्रिसमसच्या सुट्टीत, ऑगस्टमध्ये निम्मी जर्मनी समुद्रावर. मावसभावाला मी हेच म्हटलं, आधी भारतातून चार महिने अर्ज टाक, इंटरव्ह्यूपर्यंत पोचतोयस का बघ, पोचत असशील तर चान्सेनकार्टेवर ये, समोर बसलेल्या माणसाला घेणं कंपनीला सोपं जातं. इंटरव्ह्यूच येत नसतील तर इथे येऊन पण येणार नाहीत, फक्त नकार युरोत मिळेल.

शिक्षणाचं थोडक्यात. आधी एपीएस सर्टिफिकेट (तुमचे शिक्षणाचे कागद तपासून दिलेला दाखला) लागतं, १ नोव्हेंबर २०२२ पासून सक्तीचं झालंय, फी १८,००० रुपये. ब्लॉक्ड अकाउंट ११,९०४ युरोचं. सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी फी नाही, पण बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये आपल्याला सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं आणि पास झाल्यावर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. एजंट "फुकट अ‍ॅडमिशन करून देतो" म्हणाला की समजा तो तुम्हाला महागड्या खासगी विद्यापीठात टाकणार आणि कमिशन तिकडून घेणार.

आता आपल्या खास मराठी दुखण्यावर येतो, नावं. बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं, मग वडिलांचं. डिग्रीवर तसंच, वर काहींवर आईचं नाव पण. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात, आपलं आणि वडिलांचं नाव एकत्र. पॅनवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. व्हिसाची फाइल तपासणाऱ्या जर्मन बाईला ही चार वेगवेगळी माणसं वाटतात. त्यातून "देशमुख"च्या स्पेलिंगमध्ये कुठे दोन ओ, कुठे यू. माझ्या दहावीच्या मार्कशीटवर वडिलांचं नाव एका अक्षराने चुकलेलं होतं, सतरा वर्षं कोणाला दिसलं नाही, आणि व्हिसाच्या फाइलमध्ये पहिल्याच दिवशी दिसलं. सगळे कागद एका टेबलावर पसरा आणि पासपोर्टशी अक्षर न अक्षर ताडून बघा. क्रम मागेपुढे असेल तर एक साधं पत्र जोडून भागतं, पण स्पेलिंग किंवा जन्मतारीख चुकली असेल तर मूळ ठिकाणी दुरुस्ती करून घ्या, त्याला महिने लागतात.

मुलींचं आणखी किचकट. डिग्री माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या, बँक कुठल्या तरी तिसऱ्याच. लग्नाचं नोंदणी प्रमाणपत्र हा दुवा. लग्न मंगल कार्यालयात दणक्यात झालं, आठशे पानं उठली, पण नोंदणी केलीच नाही अशी कितीतरी जोडपी आहेत, तिथे लग्नपत्रिका आणि अल्बम चालत नाही. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत आत्ताच नोंदणी करून घ्या. नाव बदललं असेल तर राजपत्रात छापून घ्या. आणि लग्न ठरत असेल, जर्मनीचा विचार असेल, तर सरळ सांगतो, नाव बदलूच नका, कागदांचा अर्धा ताप वाचतो. आमच्याकडे आत्यांना हे पटलं नाही, पण व्हिसाची रांग आत्यांना लावायची नव्हती. अपॉस्टिल, नोटरी, भाषांतर हे सगळं व्हिसाच्या चेकलिस्टमध्ये लिहिलं असेल तरच करा, उगाच प्रत्येक कागदावर शिक्के मारून घेऊ नका.

अर्ज आता कॉन्स्युलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरायचा, कागद अपलोड करायचे, ते तपासून झाले की अपॉइंटमेंट मिळते. महाराष्ट्र आणि गोव्याचे लोक मुंबई कॉन्सुलेटच्या हद्दीत येतात. फी ७५ युरो, रुपयात भरायची. बेंगळुरूला नोकरी करत असाल तर तुमची हद्द सध्याच्या राहत्या पत्त्यावरून ठरते, गावच्या नाही. अपलोड करताना स्कॅन नीट करा, मोबाइलने टेबलाच्या सावलीत काढलेले फोटो नकोत.

नकार आला तर पूर्वी आक्षेपाचं पत्र लिहून तिथल्या तिथे फेरविचार मागता यायचा, १ जुलै २०२५ पासून ती सोय बंद झाली. आता दोनच रस्ते, चूक सुधारून नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या कोर्टात दावा. कोर्ट आपल्याला परवडणारं नाही, म्हणून पहिलाच अर्ज पूर्ण पाठवा. एक कागद कमी असताना "नंतर देतो" म्हणून पाठवू नका.

बायको-मुलांचं विचारतात सगळे. ब्लू कार्डवर जोडीदाराला जर्मन येण्याची अट नाही आणि आल्यापासून पूर्ण वेळ काम करता येतं. चान्सेनकार्टेवर कुटुंब आणायच्या भानगडीत पडू नका. ब्लू कार्डवर २७ महिने पेन्शन भरली आणि ए१ असेल तर कायमचा परवाना मिळतो, बी१ असेल तर २१ महिन्यांतच. म्हणजे भाषेने सहा महिने वाचले. नागरिकत्व पाच वर्षांनी, तीन वर्षांवाली सोय २०२५ मध्ये काढून टाकली. जर्मनी दुहेरी नागरिकत्व देते पण भारत देत नाही, तिथे आपला पासपोर्ट जमा करून ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं कार्ड) घ्यावं लागतं. ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी लक्षात ठेवा, एनआरआय झालात की आपल्या नावावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, ओसीआयलाही नाही. आधीची सातबाऱ्यावरची राहते, वारसाने पण मिळते. आमचे काका बांधाशेजारचे वीस गुंठे माझ्या नावावर घ्यायला निघाले होते, टोकन द्यायच्या आदल्या दिवशी कळलं म्हणून बरं.

आल्या आल्या घरात शिरल्यापासून १४ दिवसांत पत्त्याची नोंदणी करायची, त्याला घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. ते पत्र देत नाही म्हणणाऱ्याचं घर कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका, नोंदणी नाही तर टॅक्स नंबर नाही आणि पगाराची बोंब. नोंदणी झाली की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो, घरात टीव्ही नसला तरी. ते फ्रॉड नाहीये, मी फाडून टाकलं होतं आणि मग दंडासकट भरलं.